सौदा ठरला, खरेदीखत केव्हा?

घराचा सौदा ठरला, इसाराची रक्कम हाती पडली, आणि आता महिन्याभरात सर्व व्यवहार आटोपेल अशा समजुतीने विकणाराने दुसऱ्या गावी जागा पाहून ठेवली, घेणाराने आपले भाड्याचे घर सोडण्याची सूचनाही घरमालकास देऊन टाकली. परंतु दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी खरेदीखताचा दिवस काही उजाडत नाही, असा अनुभव घनसावंगी व तिच्या आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांना येतो, आणि मग एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा विचारला जातो: ‘बोलणी पक्की झाल्यावर घर नावावर व्हायला दिवस तरी किती लागतात?’

याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. खरेदीखताची नोंदणी हे एका दिवसाचे, किंबहुना काही तासांचे काम आहे. मुदत जी खर्ची पडते ती त्या दिवसापर्यंत पोहोचण्यात, म्हणजे कागद जुळविण्यात, वारसांना एकत्र आणण्यात आणि पैशाची तजवीज करण्यात. म्हणून सौदा ठरल्याच्या तारखेपासून दिवस मोजण्यापेक्षा कागद पुरे झाल्याच्या तारखेपासून ते मोजावेत, हे आपल्याला प्रथमच सांगून ठेवतो.

साधारण अंदाज

व्यवहाराचे स्वरूप पाहून पुढील अंदाज बांधावा. हे कायद्याने ठरविलेले दिवस नव्हेत.

- विकणारा एकटा मालक, उताऱ्यावर त्याचेच नाव, बोजा नाही आणि घेणाराजवळ पैसा तयार: दोन ते चार आठवडे.
- घेणारा बँकेचे कर्ज काढणार असेल: दीड ते तीन महिने.
- उताऱ्यावर अजून वडिलांचे वा आजोबांचे नाव असेल: तीन ते सहा महिने, आणि हेही सर्व वारस राजी असतील तर.
- वारसांत अज्ञान मूल असेल, अथवा वाटणीचा वाद न्यायालयात असेल: वर्ष किंवा त्याहून अधिक. अशा घराच्या बाबतीत निकाल अथवा परवानगी हाती येईपर्यंत मोठी रक्कम गुंतवू नये.

तोंडी होकार, इसारपावती आणि साठेखत

चार प्रतिष्ठित माणसांदेखत दिलेला शब्द आपल्याकडे अजून मोलाचा मानला जातो, आणि तोंडी करार कायद्याच्या दृष्टीनेही सर्वस्वी निरर्थक नसतो. परंतु तो शाबीत करण्याची वेळ आली म्हणजे किंमत किती ठरली होती, मुदत कोणती होती आणि ताबा केव्हा द्यावयाचा होता याविषयी त्या चार माणसांच्या चार साक्षी होतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीच्या नुसत्या कराराने घेणारास त्या मिळकतीत मालकी प्राप्त होत नाही. इसारपावती हा तसा करार आहे. तो महत्त्वाचा आहे. परंतु त्याने आपण मालक झालो असे समजून घराची डागडुजी सुरू करणे, माळवद उतरवून स्लॅब टाकावयास घेणे, ही फार महागात पडणारी घाई होय.

आपल्या भागात मुदत लिहिण्याची जी रीत आहे ती मात्र सोडून द्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘कापूस निघाल्यावर’, ‘उसाचे बिल आल्यावर’, ‘मोसंबीची बाग उतरल्यावर’ उरलेली रक्कम देऊ, असे शब्द इसारपावतीत सर्रास आढळतात. पाऊस लांबला, कारखान्याचे बिल अडकले, म्हणजे ती मुदत कोणती हे ईश्वरासच ठाऊक. पंचांगातील नव्हे, तर इंग्रजी दिनदर्शिकेतील तारीख लिहावी, आणि ती चुकल्यास किती दिवसांची वाढ व कोणत्या अटीवर, हेही त्याच कागदात नमूद करावे. त्यात पुढील गोष्टी अवश्य असाव्यात:

- एकूण किंमत, दिलेला इसार, उरलेल्या रकमेचे हप्ते व त्यांच्या तारखा;
- घराचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा;
- कोणता कागद कोणी, किती दिवसांत मिळवावयाचा;
- कर, वीजबिल व कर्ज यांची बाकी कोणी फेडावयाची;
- बँकेने कर्ज नाकारल्यास अथवा मालकी हक्कात दोष आढळल्यास इसार परत मिळेल की नाही;
- घरातील सर्व हक्कदारांच्या सह्या.

रकमेबाबत एक कडक नियम ध्यानात असू द्यावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम आगाऊ म्हणून रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने जून २०१५ पासून मनाई केली आहे, आणि ती मोडणाऱ्या विक्रेत्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तेव्हा इसार धनादेशाने अथवा बँकेतून खात्यावर द्यावा व घ्यावा. पुढे कज्जा उद्भवल्यास बँकेच्या नोंदीसारखा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळणे नाही.

मुदत दोन-तीन महिन्यांहून लांब असेल अथवा इसाराची रक्कम मोठी असेल, तर केवळ नोटरीसमोर केलेल्या कागदावर न थांबता साठेखत, म्हणजे विक्रीचा रीतसर करार, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. परंतु साठेखतात ताबा दिल्याचे वा पुढे देण्याचे कबूल केले असेल, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे त्यावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते. ते पुढे खरेदीखताच्या वेळी वजा मिळते. एका जुन्या गैरसमजाचेही येथेच निरसन केले पाहिजे. मुखत्यारपत्र, साठेखत आणि पैसे पोहोचल्याची पावती एवढ्यावर घर ‘विकत’ घेण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप प्रकरणात स्पष्ट नकार दिला असून, त्या मार्गाने मालकी मिळत नाही.

आपले घर कोणत्या दप्तरात आहे?

सर्वाधिक कालहरण होते ते येथे, आणि म्हणून या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

घनसावंगी आणि तीर्थपुरी येथे आता नगरपंचायती आहेत. जांब समर्थ, रांजणी यांसारख्या गावांतून ग्रामपंचायतीचे दप्तर चालते. घर जुन्या गावठाणात असेल तर त्याचा सातबारा बहुधा नसतो. ग्रामपंचायतीत नमुना नंबर आठचा उतारा मिळतो, आणि नगरपंचायतीत कर आकारणी नोंदवहीचा. नगरपंचायत होण्यापूर्वीची नोंद नव्या नोंदवहीत उतरताना नाव, क्रमांक वा क्षेत्र यांत फरक पडलेला असणे शक्य आहे. म्हणून जुना व नवा असे दोन्ही उतारे काढून शेजारी ठेवून वाचावेत. हा उतारा कर वसूल करण्याकरिता ठेवलेला असून तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. मालकीसाठी जुने खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र अथवा वारसाची साखळी दाखवावीच लागते. स्वामित्व योजनेखाली, जी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, आपल्या गावच्या गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर हे काम पुष्कळ सुकर होते. भूमि अभिलेख कार्यालयात तशी चौकशी करावी.

घर गावठाणाबाहेरील भूखंडावर असेल तर प्रश्न निराळे. तेथे सातबारा पाहावा, अकृषिक परवानगी आहे काय ते पाहावे, आणि मंजूर रेखांकनातील भूखंड आहे की शेतातून तोडून दिलेले दोन-चार गुंठे आहेत याची खात्री करावी. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे अशा गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी अडते, आणि नोंदणी झाली तरी फेरफार अडतो. त्या नियमांत अलीकडे बदल होत असल्याने इसार देण्यापूर्वी तहसील कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्यावी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री करता येत नाही. मराठवाड्यात इनामाच्या व देवस्थानाच्या जमिनी पुष्कळ असल्यामुळे हा शेरा येथे विशेष काळजीने पाहावा लागतो. ती परवानगी मिळावयास महिने लागतात.

याच भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची दरबारी भाषा उर्दू होती. आजोबा-पणजोबांच्या पेटीतून निघणारा कागद त्यामुळे उर्दूत असतो, क्वचित मोडीत असतो, आणि त्यातील रक्कम त्या राज्याच्या हाली सिक्क्यात लिहिलेली असते. असा कागद कोणास वाचता येत नाही म्हणून अडगळीत टाकू नये. जाणकाराकडून त्याचे मराठी भाषांतर करवून घ्यावे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत कोणाची, बोळातून जाण्यायेण्याचा हक्क कोणाचा, माळवदाचे पाणी कोणत्या बाजूस सोडावयाचे, या गोष्टींचा उलगडा अशाच जुन्या दस्तातील चतुःसीमेवरून कित्येकदा होतो. घेणारानेही आपल्या वकिलाकडून निबंधकाच्या दप्तरातील मागील तीस वर्षांचा शोध घेववावा, आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर प्रगटन देऊन हरकतीसाठी सात किंवा पंधरा दिवस थांबावे. एवढे दिवस आनंदाने खर्च करावेत.

वारसांच्या सह्या

समजा, वडील वारले, आई हयात आहे, दोन भाऊ आणि दोन बहिणी आहेत. थोरला भाऊ गावी राहतो, घराचा कर तोच भरतो, आणि सौदाही त्यानेच ठरविला. घेणारा त्याच्या शब्दावर इसार देतो. पुढे बँकेचा वकील वारसांची यादी मागतो, तेव्हा असे निष्पन्न होते की धाकटा भाऊ ऊसतोडीला गेला असून पाडव्यापर्यंत परतणार नाही, एक बहीण पुण्यास आहे आणि दुसरीशी बोलणे-चालणे नाही. यात कपट कोणाचेच नाही. परंतु सौदा पाच महिने तेथेच थबकतो.

हिंदू कुटुंबात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तो जन्मतःच असल्याचे वारसा कायद्याच्या २००५ च्या सुधारणेने मान्य केले, आणि ती सुधारणा लागू झाली त्या तारखेस वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बाधित होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितले. ‘बहिणींनी तोंडी सोडले आहे’ हे उत्तर कोणतीही बँक व कोणताही सावध खरीददार स्वीकारणार नाही. बहिणीने हक्क सोडावयाचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे; नसेल, तर तिची सही खरेदीखतावर आणि तिचा वाटा तिच्या खात्यावर गेला पाहिजे. या दुसऱ्या मार्गात न्याय अधिक आहे आणि पुढील भांडणही कमी.

- अज्ञान मुलाचा स्वतंत्र हिस्सा विकावयाचा असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ प्रमाणे न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.
- दूरच्या नातलगासाठी मुखत्यारपत्र चालते. ते नोंदणीकृत असावे, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट असावा, आणि करून देणारा व्यवहाराच्या दिवशी हयात आहे याची खात्री असावी.
- परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर, ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. मसुदा पाठविणे, तेथील सही, टपाल आणि येथील शुल्क यांत महिना सहज जातो.
- आजारी वा अतिवृद्ध आईला कार्यालयात नेण्याची यातायात करू नये. नोंदणी अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे, विशेष कारण दाखविल्यास, निबंधक घरी येऊन सही घेऊ शकतात.

बँकेचा भाग

घेणारा कर्ज घेणार असेल तर बँक कागदांची छाननी करविते, मूल्यांकन करविते, आणि मग मंजुरीपत्र देते. केवळ नमुना आठवर असलेल्या जुन्या घरास कर्ज देण्यास कित्येक बँका कचरतात. म्हणून इसार देण्यापूर्वीच उताऱ्याची नक्कल घेऊन बँकेत विचारावे.

विकणाराच्या घरावर बोजा असेल तर आधी फेड, मग मूळ कागद, मग बोजा कमी केल्याची नोंद, हा क्रम आहे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्तऐवज परत मिळाले पाहिजेत, आणि बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई कर्जदारास मिळते. हा आपला हक्क आहे. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

खरेदीखताचा दिवस

मसुदा वकिलाकडून अथवा दस्तलेखकाकडून किमान आठ दिवस आधी तयार करवून उभय पक्षांनी शब्दशः वाचावा. त्यानंतरचा क्रम असा:

१. वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून मूल्य काढणे. ठरलेली किंमत आणि हे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर मुद्रांक शुल्क बसते. त्याचे दर हद्दीप्रमाणे बदलतात, आणि निवासी मिळकत स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत आहे.

२. शुल्क आणि नोंदणी फी शासकीय चलनाने भरणे. फी एक टक्का, परंतु तीस हजार रुपयांहून अधिक नाही.

३. दस्ताची माहिती संगणकावर भरून वेळ निश्चित करणे.

४. ठरल्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर सह्या, छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे. ओळख पटविणारे दोन इसम बरोबर असावेत.

दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीस हजर केला पाहिजे. त्यापुढे आणखी चार महिने दंड भरून संधी मिळते, नंतर नाही. सही केलेला कागद पेटीत ठेवून ‘सवडीने नोंदवू’ असे म्हणू नये.

शेवटची रक्कम आणि ताबा यांविषयी माझे मत ठाम आहे: दोन्ही एकाच दिवशी, एकाच बैठकीत व्हावीत. रक्कम खात्यावर आल्याचे पाहूनच विकणाराने पोच लिहून द्यावी, कारण नोंदणीकृत दस्तात ‘सर्व रक्कम पोहोचली’ असे एकदा लिहून गेल्यावर ती पोहोचली नाही हे शाबीत करणे अतिशय दुष्कर होते. घेणारानेही घर रिकामे झालेले प्रत्यक्ष पाहून, किल्ल्या घेऊन, ताबेपावती करून घ्यावी. ‘आणखी महिनाभर राहू द्या’ या विनंतीस मान द्यावयाचाच असेल तर तो मुदतीच्या लेखी कराराने द्यावा.

नोंदणीनंतर

दस्त नोंदला की सूची क्रमांक दोनची प्रत मिळते. सातबाऱ्याच्या मिळकतीत निबंधक कार्यालयाकडून वर्दी परस्पर महसूल दप्तरात जाते; ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना आपण तलाठी म्हणून ओळखतो, नोंद धरतात, हितसंबंधितांस नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली तर तक्रारी नोंदवहीत प्रकरण जाते आणि महिनोन्‌महिने चालते. गावठाणातील घराचे मात्र असे आपोआप होत नाही. ग्रामपंचायतीत अथवा नगरपंचायतीत दस्ताची प्रत जोडून स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि तो करावयाचे राहून गेल्यामुळे वर्षानुवर्षे कराची पावती पहिल्या मालकाच्या नावे निघत राहते. फेरफार होण्यास उशीर झाला म्हणून आपली मालकी नष्ट होत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखताने मिळालेली असते.

एका पक्षाने माघार घेतल्यास

विकणाराने अधिक किंमत मिळते म्हणून शब्द फिरविला, तर घेणारा कराराच्या पूर्ततेचा दावा लावू शकतो. करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार समजल्यापासून, तीन वर्षांच्या आत हा दावा दाखल झाला पाहिजे. अशा दाव्यांच्या कायद्यात १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या सुधारणेने न्यायालयाच्या मर्जीचा भाग कमी होऊन घेणाराची बाजू बळकट झाली आहे; परंतु आपण रक्कम देण्यास सदैव तयार व समर्थ होतो हे त्याला दाखवावे लागते. म्हणून मुदत संपण्यापूर्वीच, पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवावी. विकणाराच्या दोषाने व्यवहार मोडला तर दिलेल्या रकमेपुरता घेणाराचा त्या मिळकतीवर भार राहतो, हेही १८८२ च्या अधिनियमात आहे.

घेणाराने माघार घेतली तर ‘इसार बुडाला’ असे लोक सहज म्हणतात. करारात तशी अट असेल तरी कायदा वाजवी भरपाईच मान्य करतो. किमतीचा मोठा भाग आगाऊ घेऊन तो सगळा गिळंकृत करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्याचप्रमाणे ‘विकणाराने मोडल्यास दुप्पट परत’ ही अट लिहिलेली असली म्हणजे दुप्पट रक्कम हमखास पदरात पडते असेही धरून चालू नये. मुदत दोन-चार आठवड्यांनी चुकली एवढ्यावरून स्थावराचा करार बहुधा रद्द होत नाही. मुदत हाच कराराचा गाभा आहे असा आपला हेतू असेल तर तो करारात स्पष्ट शब्दांत लिहावा.

आपण घर विकावयास काढणार असाल, तर गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी एक काम करा: उद्याच नगरपंचायतीत अथवा ग्रामपंचायतीत जाऊन घराचा ताजा उतारा काढा, आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते स्वतः वाचा. ते नाव दिवंगत माणसाचे असेल, तर वारस नोंदीचा अर्ज त्याच भेटीत देऊन या.